पाच वाजल्यानंतरचं पाणी

माझी रिक्षा वृद्धाश्रमाच्या फाटकाशी थांबली की आतून भजन सुरू व्हायचं. पहिली दोन वर्षं मला हा योगायोग वाटला. तिसऱ्या वर्षी एका ठिकाणी मी रिक्षातून उतरले आणि पैसे सुटे नव्हते म्हणून पुन्हा आत बसले. भजन थांबलं. मी उतरले, पुन्हा सुरू झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता आपण साहेब झालो.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं सिस्टर म्हणून काम केल्यावर मी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. गुडघे म्हणत होते, घरी बस. पण घरी बसले तर घरच्यांचं काही खरं नाही, हे मला आणि त्यांनाही माहीत होतं. आमच्या गावातलं एक दानी मंडळ अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या वृद्धाश्रमांना मदत करतं. मदत द्यायची तर तिथे म्हाताऱ्या माणसांची देखभाल नीट होते की नाही, हे कुणीतरी जाऊन पाहायला हवं होतं. वर्षातून एकदा जायचं, दिवसभर थांबायचं, एक छापील तक्ता भरायचा आणि शंभरपैकी गुण द्यायचे. हे काम मी अकरा वर्षं केलं.

लोक विचारतात, त्यात पाहायचं काय असतं? सांगते. आत शिरताना फिनेलचा वास अंगावर आला तर समजावं की परवापर्यंत इथे फिनेल नव्हतं. पायाची नखं पाहावीत. हाताची नखं माणूस स्वतः कुरतडतो, पायाची मात्र दुसऱ्या कुणाला तरी वाकून कापावी लागतात. टाचा आणि माकडहाड पाहावं, कारण एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाची कातडी तिथून आधी जाते. चष्मे पाहावेत. अकोल्याकडच्या एका आश्रमात मी तीन आजोबांचे चष्मे पुसायला घेतले, तर तिघांनीही दुसऱ्याचाच लावलेला निघाला. दीड वर्षापासून. तिघंही रोज पेपर वाचायचे आणि देशाचं काही खरं नाही यावर तिघांचं एकमत होतं.

आणि पोहे खाऊ नयेत, असं मी ठरवलं होतं. वरून इतका सांबार घातलेला असायचा, म्हणजे आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, की ठरवलेलं टिकायचं नाही. तरीसुद्धा मला फसवणं सोपं नाही, असा माझा समज होता. त्या समजाची ही गोष्ट आहे.

मोर्शीच्या पुढे, संत्र्याच्या बागांमध्ये एक आश्रम आहे. बत्तीस माणसं राहायची. तिथले व्यवस्थापक वानखडे सर हे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले ते कागदावर. शाळा गेली म्हणून त्यांनी आश्रम घेतला होता, एवढंच. सकाळी सहाला घंटा व्हायची. मी गेले की म्हातारी माणसं आपापल्या खाटेजवळ उभी राहून एका सुरात नमस्ते म्हणायची. ज्यांना उभं राहता येत नसे, ते बसून म्हणायचे, पण सूर तोच. नोंदवह्यांना खाकी कव्हर, वर लेबल, आत निळ्या पेन्सिलीने आखलेले समास. सर बोलायचे पुस्तकातल्यासारखं शुद्ध. चिडले की मात्र थेट वऱ्हाडीत यायचे.

पहिल्या वर्षी मी त्यांना एकाहत्तर गुण दिले. गाद्यांना वास होता, आणि त्या वर्षात दोन माणसं रात्री संडासकडे जाताना पडली होती. एका आजीचा खुबा मोडला होता. सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. चेहरा असा, जणू त्यांचाच मुलगा बोर्डात नापास झाला.

"मॅडम, एकोणतीस गुण नेमके कुठे गेले?"

"सर, पडण्यात दहा गेले. गाद्यांत सहा. बाकीचे इकडेतिकडे."

"पुढच्या वर्षी कोणी पडणार नाही," सर म्हणाले. "गादीही ओली होणार नाही."

माणसाने शब्द पाळला. पुढच्या वर्षी होळी होऊन आठवडा झाला होता, तेव्हा मी गेले. पडण्याच्या नोंदी शून्य. गाद्या कोरड्या, उन्हात वाळवलेल्या कापसाचा वास येणाऱ्या. मी नोंदवही उलटत गेले आणि प्रत्येक पानाखाली 'तपासले' लिहून सही करत गेले. ब्याण्णव गुण दिले. माझ्या हातून कुणालाही मिळालेले ते सगळ्यात जास्त. वर्षभर मी इतर आश्रमांतल्या लोकांना सांगत फिरले की व्यवस्था कशी असते ते पाहायचं असेल तर मोर्शीकडे जाऊन वानखडे सरांच्या वह्या पाहून या.

तिसऱ्या वर्षी माझी एसटी मोर्शीच्या अलीकडे बंद पडली. मार्च संपत आला होता, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. अकराला पोचायची ती मी साडेचारला पोचले. तोपर्यंत आश्रमात सकाळपासून धुतलेली लुगडी नेसून माझी वाट पाहणाऱ्या माणसांचा चांगुलपणा संपला होता. भजन दुपारीच म्हणून झालं होतं. नमस्ते आलं, पण सूर फाटलेला.

सरांनी मला वह्या दिल्या. मी म्हटलं, वह्या नंतर, आधी माणसांत बसते. माझी शेवटची गाडी साडेसातला होती.

बायकांच्या खोलीत चंद्रभागाआजी नावाची एक बाई होती. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात तीन, आणि तिन्ही दातांचा बोलताना पुरेपूर उपयोग करणारी. मी तिच्या खाटेवर बसले आणि टेकायला हात मागे नेला, तर उशी दगडासारखी लागली. उशीच्या अभ्र्यात काहीतरी गोल गोल होतं. मी चाचपायला लागले तशी आजीने उशी मांडीवर ओढून घेतली.

"काही नाई. संत्री हाये."

"उशीत?"

"मंग काय डोक्यावर ठिऊ?"

शेंदूरजनाघाटचा एक बागायतदार दर आठवड्याला या आश्रमात बारीक संत्र्यांचे दोन क्रेट पाठवायचा, हे मला माहीत होतं. म्हातारपणी माणसं खाणं साठवतात, हेही माहीत होतं. गादीखाली पोळ्या, डब्यात गुळाचे खडे. मी तक्त्यावर लिहिलं, 'साठवण्याची सवय.' लिहून पुढच्या खाटेवर गेले. तिथल्या उशीतही दोन. तिच्या पुढच्या बाईच्या पिशवीत तीन. मग मी पुरुषांच्या खोलीत गेले आणि सहज म्हणून पाहिलं. एका आजोबांच्या बुटात एकेक, एकाच्या कोटाच्या खिशात, आणि भजनात पेटी वाजवणाऱ्या आजोबांनी तर पेटीच्या भात्यामागे बसवलेली. गेल्या वर्षी भजनात पेटी का खरखरत होती, ते समजलं. मोजली तर सतरा संत्री. बत्तीस माणसांना एकाच वेळी एकच सवय लागत नाही.

मी परत चंद्रभागाआजीकडे आले. तेवढ्यात पाच वाजले आणि घंटा झाली. एक मावशी आली. तिने खाटांजवळचे स्टीलचे पेले गोळा केले, व्हरांड्यातला माठ दुसरीच्या मदतीने उचलून आतल्या खोलीत नेला आणि दाराला कडी घालून कुलूप लावलं. सगळं इतक्या सवयीने झालं की तिने जाता जाता मला हसून विचारलं, चहा घेता का बाई.

"आजी, माठ कुठे नेला?"

"झोपाले नेला," आजी म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिला दया आली असावी. ती जवळ सरकली. "पाच वाजले का पानी बंद. सकाळच्या घंटेपरेंत. गोळी घ्याले एक घोट देतात, तेवढंच. सर म्हनतात, पानी प्यालं का रातचं उठा लागते, उठलं का पडता. म्हनून."

"मग संत्री?"

"तहान लागते ना बाई. रातचं फोड चोखतो एकेक." वऱ्हाडातल्या बाया स्वतःबद्दल बोलतानाही 'चोखतो' म्हणतात. "सालं मी खिडकीतून फेकतो. ते जनाबाई गादीखाली ठेवते, तिले अक्कल नाई. पन सरले सांगू नका. भला मानूस हाये. आमी पडू नाई म्हनून करून राह्यला."

मी तिला जीभ दाखवायला सांगितली. उन्हात पडलेल्या वहाणेसारखी होती. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मी नर्स होते, आणि गेल्या वर्षी हीच बाई माझ्यासमोर नमस्ते म्हणत बसली होती. पण गेल्या वर्षी मी अकराला आले होते. अकराला माठ व्हरांड्यात असतो, त्यावर ओलं फडकं असतं, आणि मी तक्त्यावर 'पिण्याच्या पाण्याची सोय' यापुढे बरोबरची खूण करून पोहे खायला गेले होते.

"सगळे असेच राहता का मग? काही होत नाही कुणाला?"

"कोनाले काय होते? तो ढोले बुढा तेवढा येडा झाला मांगच्या साली. भित्तीशी बोलत होता. मंग पोरानं नेला घरी, अकोल्याले."

म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा कळते, आणि अंगातलं पाणी कमी झालं की पहिला फटका डोक्याला बसतो. तरुण माणसाचं नुसतं डोकं दुखतं. म्हातारा माणूस दिवस-वार विसरतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, रात्री ओरडतो. पाणी आणि औषध वेळेवर मिळालं तर बहुतेक वेळा दोनचार दिवसांत ताळ्यावर येतो. नाही मिळालं तर लोक त्याला वेडा ठरवतात. हे मी दवाखान्यात नव्या पोरींना शिकवायची.

सरांच्या खोलीत जाऊन मी गेल्या वर्षीची वही मागितली. पान सापडलं. 'श्री. ढोले, वय ७८. स्वभावात बिघाड. असंबद्ध बोलणे, रात्री ओरडणे. मुलास कळवून घरी पाठविले.' तारीख माझ्या भेटीच्या चार दिवस आधीची. खाली 'तपासले', आणि माझी सही. सही मोठी झोकदार होती.

मी सरांना माठाबद्दल विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. उलट अभिमानाने सांगितलं की हा नियम त्यांनीच काढला, आणि त्या दिवसापासून एकही माणूस पडलेला नाही.

"सर, जिवंत माणसाला तेरा तास पाणी नाही म्हणजे काय?"

"मॅडम, रात्रपाळीला एक बाई आहे. बत्तीस माणसांना एक."

"म्हणून माठाला कुलूप?"

"मंग काय करू म्या?" सर वऱ्हाडीत आले. "एकाले उचलाले गेलं का दुसरा पडते. तुमीच त म्हनलं होतं, पडण्यात दहा गेले. तुमीच त ब्याण्णव देले. आता काहून बोलून राहिल्या?"

मी पडण्याचे गुण कापले होते, म्हणून त्यांनी पडणं थांबवलं. पाणी तोडल्याचे गुण कापायला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. मग सर उठले, किल्ली घेऊन गेले आणि माठ स्वतः ओढत व्हरांड्यात आणायला लागले. मुख्याध्यापकाला माठ ओढताना पाहून मावश्या धावल्या. पेले परत वाटले गेले. त्या संध्याकाळी माणसांनी इतकं पाणी प्यायलं की मला भीती वाटायला लागली, हळू हळू प्या म्हणून मी खाटेखाटेवर सांगत फिरले. पेटीवाले आजोबा तिसरा पेला तोंडाला लावताना म्हणाले, "गाडी रोजच बंद पडली पायजे तुमची."

त्या वर्षी मी त्या आश्रमाला अठ्ठेचाळीस गुण दिले. मंडळाला सोबत एक पत्रही दिलं, की मागच्या वर्षीचे ब्याण्णव ही माझी चूक आहे, आणि या आश्रमाला रात्रपाळीला आणखी दोन माणसं मिळाली नाहीत तर यंदाचे अठ्ठेचाळीसही जास्त आहेत. मंडळाने माणसं दिली. संडासच्या वाटेवर भिंतीला धरायचे दांडे बसले, रात्रभर दिवा राहू लागला, ज्यांना चालवत नाही त्यांच्या खाटेजवळ भांडं आलं. माझ्या तक्त्यात मी एक ओळ वाढवली, 'संध्याकाळी पाचनंतर पाणी कुठे मिळते? स्वतः मागून पाहावे.' आणि आश्रमात सकाळी अकराला जाणं सोडलं. कधी सातला जायची, कधी दुपारी तीनला, सगळे पेंगत असताना. भजनी मंडळांची फार पंचाईत झाली.

हे सगळं सांगायला सोपं आहे. ढोल्यांकडे जायचं मात्र मी महिनाभर टाळलं. अकोल्याचं काम निघू दे, मग जाऊ. ऊन उतरू दे, मग जाऊ. खरं म्हणजे दारात गेल्यावर भिंतीवर हार घातलेला फोटो दिसेल, ही भीती होती. शेवटी मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी अकोल्याच्या गाडीत बसले.

घर जठारपेठेच्या बाजूला, जुनं पण नवा रंग दिलेलं. दारासमोर गाडीसाठी पत्र्याची शेड. सुनेने दार उघडलं, वैशाली तिचं नाव. मी आश्रमाकडून आले म्हटल्यावर ती एकदम सावध झाली. आधी मागे वळून पाहिलं, मग मला आत घेतलं.

ढोलेकाका समोरच्या खोलीत दिवाणावर बसले होते. जिवंत, गुटगुटीत, अंगात स्वच्छ बंडी. हातात पेपर होता. उलटा धरलेला.

"नमस्कार काका," मी म्हटलं.

"या कलेक्टर साहेब," काका म्हणाले. "घोडा बाहेर बांधला का?"

म्हणजे वर्ष झालं तरी हे तसेच. वैशाली पाणी आणते म्हणून आत गेली. मी काकांच्या शेजारी बसले. सवयीने जीभ पाहायला मागितली, तर त्यांनी ती आनंदाने दाखवली. जीभ ओली, गुलाबी. हाताची कातडी चिमटीतून सुटताच जागेवर. नाडी चांगली.

"आज वार कोणता काका?"

"पोळा."

मग माझी नजर पेपरावर गेली. उलटा असला तरी शब्दकोडं दिसत होतं. बारीक, वळणदार अक्षरात भरलेलं. मी मान वाकडी करून वाचलं. आडवे सगळे बरोबर होते, उभ्यातला एकच बाकी होता.

"काका, उभे सात," मी म्हटलं. "चार अक्षरी. संकटात सापडलेला."

"ते अडलं खरं," काका बोलून गेले. मग थांबले. स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं, दाराकडे एकदा, आणि पेपर सरळ केला.

"सिस्टर हाये का तुमी?"

"होते. त्या वहीत तुमच्या नावाखाली माझी सही आहे. न पाहता केली होती. तुम्ही वेडे झाला नव्हता काका, तुमच्या अंगात पाणी नव्हतं. ते मला कळायला पाहिजे होतं. माफी मागायला आले."

काकांनी चष्मा काढून बंडीला पुसला. खूप वेळ पुसला.

"ते तीनचार दिवस काही ध्यानात नाई," ते म्हणाले. "एक हाये. माही बायको खाटेपाशी येऊन उभी राह्यली. तिले जाऊन नऊ वर्सं झाली. मी तिले पानी मांगतलं. तिनं नाई देलं. तवा मले समजलं का हे खरी नाई. खरी असती त देलं असतं."

मी त्यांच्या हातातला चष्मा घेऊन पुसला आणि त्यांना लावला.

"इथं आलो, वैशालीनं ताक पाजलं, डाक्टरनं बाटली लावली. तिसऱ्या दिवशी साफ झालो. सगळं दिसाले लागलं."

"मग हे कलेक्टर, घोडा?"

काका जरा लाजले. "त्याचं असं हाये. आश्रमात मले कोनी टाकलं नवतं. मीच गेलो. अंगनात माह्या हातचा कडूलिंब होता, चाळीस वर्साचा. पोरानं गाडी ठेवाले तो तोडला. मी पंधरा मानसांसमोर म्हनलो, तुह्या घरचं पानी पेनार नाई. आता मानूस शुद्धीवर असला त शब्द पाळा लागते. येड्याले काही बंधन नाई. म्हनून मी येडाच राह्यलो. बरं चाललं हाये."

"वर्षभर?"

"कठीन जाते कधी कधी. लगनात गेलो का ध्यान ठेवा लागते." त्यांनी आवाज खाली आणला. "प्रमोदले सांगू नका. लय तऱ्हेवाईक हाये. त्याले समजलं का मी बरा झालो, त त्यालेही वाटन, आता बाबा शब्दाले जागतीन. मंग मले जा लागन."

बाहेर गाडीचा आवाज आला. काकांनी पेपर उलटा केला, सराईतपणे. वैशाली पाण्याचा पेला घेऊन आली. तिने तो माझ्या हातात दिला, सासऱ्यांच्या हातात दुसरा दिला आणि माझ्याकडे पाहत डोळ्यांनीच विनवलं. तिला पहिल्या आठवड्यापासून सगळं माहीत होतं, हे त्या नजरेतच समजलं. वेड्या माणसापुढे कुणी रोज सकाळी पेन्सिल टोक करून ठेवत नाही, आणि इथे तर नुकती टोक केलेली पेन्सिल दिवाणाच्या कठड्यावर होती.

प्रमोद दुकानातून जेवायला आला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, घाम पुसत असलेला माणूस. मी कोण ते सांगितलं. आश्रमात आता सुधारणा झाल्या आहेत, पाण्याची, रात्रपाळीची सोय झाली आहे, तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग वडिलांसमोरच, मोठ्या आवाजात विचारलं.

"मॅडम, तुम्ही इतकी माणसं पाहिली. बाबांना तपासून सांगा. बरे झाले का ते?"

काका खिडकीकडे पाहत होते. पेल्यातलं पाणी अर्धं राहिलं होतं, ते पिणं त्यांनी थांबवलं. वैशाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सव्वीस वर्षं दवाखान्यात आणि इतकी वर्षं या कामात मी माणसांच्या प्रकृतीबद्दल खरं तेच लिहीत आले होते, चुकलं ते न पाहिल्यामुळे चुकलं होतं. आता तर डोळ्यांसमोर धडधाकट माणूस बसला होता.

"नाही," मी म्हटलं. "इतक्यात बरे होण्यासारखे नाहीत. यांना घरीच ठेवा."

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही. यात वेळ लागतो."

काकांनी उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि मला विचारलं, "घोड्याले चारा देला का?"

मी जेवून निघाले. वैशालीने भरीत-भाकरी केली होती, आणि काका जेवताना मीठ कमी आहे हे सांगायचं टाळत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. प्रमोद मला रिक्षापर्यंत सोडायला आला. शेडमधल्या गाडीजवळ तो थांबला, उगीच टपावरून हात फिरवला.

"मॅडम, एक सांगू का?" तो म्हणाला. "ह्या गाडीच्या मांगच्या चाकातली हवा हळूहळू जाते. बाबा रोज सकाळी बाहेर येतात, चाकाले बोट लावून पाहतात, आन् आत जाऊन म्हणतात, प्रमोद, तुह्या घोड्याचा मांगचा पाय लंगडते."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"मले पहिल्या महिन्यापासून माहीत हाये," प्रमोद म्हणाला. "तुम्ही आत चांगलं सांगितलं. बाबाले नका कळू देऊ का मले माहीत हाये म्हणून. फार शब्दाचा माणूस आहे. उगाच निघून जातीन."

रिक्षात बसून मी पिशवीतून तक्ता काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं, 'श्री. ढोले यांची घरी जाऊन पाहणी केली. प्रकृतीत सुधारणा नाही. घरीच ठेवावे.' खाली 'तपासले' लिहून सही केली. अकरा वर्षांत जाणूनबुजून खोटी लिहिलेली माझी ही एकच नोंद आहे, आणि पूर्ण तपासून केलेल्या नोंदींत तिचा नंबर पहिला लागावा.